मालकांगणीचं बळ

रीनाच्या पत्राला मधुकररावांनी उत्तर दिलं नव्हतं, आणि ते पत्र मात्र त्यांना जवळजवळ पाठ होतं.

तसे ते पत्रांना उत्तर देणारे गृहस्थ. भंडाऱ्याच्या एका साप्ताहिकात ते नव्याजुन्या पुस्तकांची ओळख करून देत. वाचकांचं एखादं पोस्टकार्ड आलं की त्याच दिवशी उत्तर जाई. कार्डात बहुधा छपाईची चूक दाखवलेली असे आणि मधुकरराव ती आपलीच म्हणून कबूल करून टाकत, मग ती कंपोझिटरची का असेना. पण दिवाळीच्या आधी सानगडीकडच्या एका खेड्यातून आलेलं ते जाड पाकीट वेगळं होतं. ते शब्दकोशाखाली सरकवलं गेलं आणि तिथेच राहिलं.

रीना बुधराम वलथरे, असं नाव होतं. घरचे लोक तलावात मासेमारी करतात, आपण साकोलीच्या कॉलेजात शिकलो, असं सुरुवातीला लिहिलं होतं. पुढे तिने एका खेळाबद्दल लिहिलं होतं. त्यात एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. राक्षस, जादू, लढाया सगळं तोंडीच. कोण काय करणार ते ज्याचं त्याने ठरवायचं, आणि जमलं की नाही ते फाशांनी. मोबाइलवर इंग्रजीत असे खेळ पाहून तिने आपला एक रचला होता. गोष्ट ती सांगायची. आता ती गोष्ट तिने लिहून काढली होती. नागपूरची काही तरुण मंडळी असे खेळ मराठीत छापणार होती, आणि संक्रांतीपर्यंत लिखाण मागवत होती. ‘पाठवू की नको एवढंच सांगा सर. तुम्ही पुस्तकांबद्दल लिहिता ते मी वाचते. तुम्ही नको म्हटलं तर नको.’ खाली मोबाइल नंबर.

मधुकररावांनी ती गोष्ट जेवण बाजूला ठेवून वाचली होती. सोक्या नावाचा एक तहानलेला राक्षस गावोगावचे तलाव पिऊन टाकतो, आणि मालकांगणी नावाची एक ढिवराची, म्हणजे मासे धरणाऱ्याची, मुलगी त्याच्या मागे निघते. जंगलातल्या वेलीचं नाव मुलीला दिलेलं पाहूनच ते खूश झाले होते. आणि वाक्यं तरी कशी! आटलेल्या तलावाबद्दल तिने लिहिलं होतं, ‘चिखलात मासे नव्हते, माशांची सवय तेवढी तडफडत होती.’ हे वाक्य त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन सुमित्राबाईंना वाचून दाखवलं. सुमित्राबाईंनी पोळी उलटली आणि म्हणाल्या, पोरगी पाहून लिहिते, तुमच्यासारखी वाचून नाही.

त्यांना ते लागलं नाही. खरंच होतं ते. निवृत्त होऊन आपल्या गावी परत येईपर्यंत साकोलीच्या एका वाचनालयात पुस्तकं दिली-घेतली. गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा अर्ध्या सहकाऱ्यांनी तिकडे बदल्या मागितल्या, हे मात्र कपाटं सोडून हलले नाहीत. एवढं वाचून स्वतः एक गोष्ट लिहिण्याची कधी छाती झाली नाही.

पण दुसऱ्यांदा वाचताना त्यांना खटकू लागलं. मालकांगणीच्या अंगात बळ होतं तरी किती? दुसऱ्या प्रकरणात तिने तलावाच्या तुडुमावरचा दगड उचलला होता. पारीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, पोटातून पाणी सोडायचं ते तोंड म्हणजे तुडूम. त्यावर सोक्याने ठेवलेला दगड सात जोड्या रेड्यांना हलला नव्हता. तीच मालकांगणी पाचव्या प्रकरणात बकऱ्यांच्या कोठ्यात कोंडली गेली, तर तिच्याने दाराचा लाकडी अडसर सरकेना. पुढे तिने मुळासकट साग उपटला. आणि त्याच्या पुढच्याच पानावर एका बदकाने पंख मारला तर ही आडवी. वाचणाऱ्याला वाटावं, बाई सोंग तर करत नाही?

हे कळवायला हवं होतं. पण कळवायचं कसं? त्यांनी उत्तराचे कागद लिहिले आणि फाडले. एका कागदात दोष ठळक झाले, पोरीचा हात थांबेल असं वाटलं. दुसऱ्यात स्तुती इतकी झाली की ती खोटी वाटू लागली. मग त्यांच्या मनात आलं, हा खेळच आपल्या ओळखीचा नाही. कदाचित या नव्या तऱ्हेच्या लिखाणात बळ असं कमीजास्त होणं चालत असेल. आपण म्हाताऱ्याने कशाला नाक खुपसायचं? असं करता करता दिवाळी गेली, धान कापून झालं, थंडी पडली.

त्यांचा पुतण्या भूषण घरच्या मागांवरची लुगडी, पंचे, टॉवेल घेऊन आठवडी बाजार करायचा. एका संध्याकाळी तो सानगडीच्या बाजारातून आला आणि टेम्पोची किल्ली खुंटीला लावता लावता म्हणाला, "काका, एक पोरगी भेटली. बापासाठी पंचा घेतला. पिशवीवरचं आपलं आडनाव वाचून विचारे, सरांची तब्येत बरी आहे ना?"

मधुकररावांनी पुस्तकातून मान वर केली.

"मी म्हटलं, तब्येतीले का झालं त्यांच्या? दोन टाइम जेवतेत अन् दिवसभर वाचतेत. तर मने, मंग ठीक आहे, मी समजली."

"काय समजली?"

"मले का माहीत. नागपूरले काही पाठवाचं होतं मने, थे आता नाही पाठवत. कोन आहे जी ती?"

मधुकररावांनी तिचं नाव तेवढं सांगितलं. सर आजारी असतील म्हणून उत्तर आलं नाही, अशी आशा त्या मुलीने इतके दिवस धरून ठेवली होती, आणि भूषणने तब्येत चांगली सांगून ती पंच्याच्या घडीबरोबर गुंडाळून टाकली होती. फोन करा ना, असं भूषण त्यांना म्हणाला, तर ते म्हणाले, फोनवर खोडता येत नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ते सकाळी स्वेटर, कानटोपी घालून टेम्पोपाशी उभे राहिले. भूषणने दोनदा पाहिलं आणि पुढची सीट झटकली.

सानगडीला दुपारपर्यंत ते दुकानामागे पोत्यावर बसून राहिले. भूषणने चौकशी केली. रीना बाजाराच्या दिवशी तलावाच्या पारीवर असते, असं कळलं. मग तोच त्यांना हाताला धरून घेऊन गेला, पोराला शाळेत नेतात तसा. पारीवर मोहाच्या झाडाखाली चादर अंथरलेली होती. रीना मध्ये बसली होती. बारीक, काळीसावळी, केसांना घट्ट रबर. एका बाजूला अंकुश, हा ट्रॅक्टर चालवायचा. दुसऱ्या बाजूला कलाबाई, सुक्या मासळीची पाटी रिकामी करून तिच्यावरच कोपर टेकून बसलेली. वय सुमित्राबाईंएवढं. मधुकररावांना वाटलं होतं, कॉलेजची मुलं असतील.

"हे माझे काका," भूषण म्हणाला आणि गिऱ्हाईक आहे म्हणून निघून गेला.

रीनाने उठून पायांना हात लावला. पत्राचं नाव काढलं नाही. बसा बाबाजी, म्हणाली आणि चादरीवर जागा केली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मधुकररावांना सोपं गेलं असतं.

"नुसते बसतेत का खेळतेत?" कलाबाईने विचारलं.

"करुना नाही आली आज," रीना म्हणाली. "बाबाजी, तुमी मालकांगनी व्हा."

"मिशीवाली मालकांगनी," अंकुश म्हणाला, आणि कलाबाई इतकी हसली की पाटी सरकली.

मधुकररावांना पळून जावंसं वाटलं. पण रीनाने गोष्ट सांगायला सुरुवात केली, आणि पळण्याचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

ती लिहिल्यासारखं बोलत नव्हती. ती घरच्या बोलीत सांगत होती, आणि सांगताना समोरच्या तलावाकडे पाहत होती, जणू तिथे चाललेलं फक्त वाचून दाखवायचं आहे. सोक्या रात्री येतो, जमिनीले तोंड लावतो, आणि सकाळी बायका घागरी घेऊन येतेत तं पानी गुडघ्याखाली. कलाबाई या गोष्टीत मंत्र जाणणारी म्हातारी होती. तिने सोक्याच्या जिभेवर मीठ टाकलं. सुकी मासळी विकणाऱ्या बाईचा मंत्र दुसरा कोणता असणार? रीनाने तो लगेच गोष्टीत घेतला: खारट जिभेचा सोक्या आता दुप्पट तहानेला झाला. कलाबाईने कपाळाला हात मारला. दुसऱ्याने मध्येच टाकलेला धागा न तोडता आपल्या विणीत घ्यायचा, हे मधुकररावांनी नावाजलेल्या पुस्तकांतही क्वचित पाहिलं होतं.

खेळाला फासे नव्हते. मधोमध फोडलेले चिंचोके होते. ते मुठीत हलवून टाकायचे. पांढरे जास्त पडले तर जमलं, काळे जास्त पडले तर फसलं.

गोष्ट तुडुमापाशी आली. दगड समोर होता, पलीकडून सोक्याचा श्वास ऐकू येत होता. रीना मधुकररावांकडे वळली.

"बाबाजी, मालकांगनी का करते?"

सगळे आपल्याकडे पाहत आहेत म्हटल्यावर त्यांना स्वतःचं काही सुचेना. मग पाठ असलेलं तेवढं तोंडातून आलं. डोळे मिटून ते म्हणाले, "मालकांगणीने कमरेला पदर खोचला, मोहाच्या बुंध्यासारखे पाय रोवले, आणि सात जोड्या रेड्यांना न हललेला तो दगड उचलला."

अंकुश हसू लागला. "बाबाजी, तुमी तं उचलून मोकळे झाले. चिंचोके कोन टाकीन मंग?"

रीना हसली नाही. ती त्यांच्याकडे पाहत होती. ते वाक्य तिचं होतं, एका शब्दाचाही फरक नव्हता. मग ती हळूच म्हणाली, "उचलला नाही, बाबाजी. उचलून राहिली."

आणि तिने हाताचे तळवे वर केले, ओझ्याखाली असल्यासारखे, आणि तसेच धरून ठेवले. दगड जमिनीपासून सुटला होता की नव्हता, कोणालाच माहीत नव्हतं. मालकांगणीलाही नव्हतं. मधुकररावांनी चिंचोके घेतले. मुठीत जरा जास्तच वेळ हलवले. दगडाचं ओझं आपल्याच तळव्यांवर आहे असं त्यांना वाटलं.

काळे पडले.

"नाही उठला," रीना म्हणाली आणि हात खाली घेतले.

"मागच्या बाजारी करुनानं उचलला होता," कलाबाई म्हणाली. "आज तुमी काही खाऊन नसान आले."

खेळ पुढे गेला. दगड न उचलता तुडूम कसं मोकळं करायचं याचा घोळ बराच चालला. अंकुशने सोक्यालाच फसवून दगड ओढायला लावला. मधुकरराव फारसं बोलले नाहीत. एकदा मात्र कलाबाईला ‘आता मीठ नको’ म्हणाले आणि आपण असं म्हणालो याचं त्यांनाच नवल वाटलं.

उन्हं उतरल्यावर रीना त्यांना बाजारापर्यंत पोचवायला आली. वाटेत ती म्हणाली, "तुमी वाचलं जी."

"वाचलं."

"पाठ होऊन गेलं तुमाले."

त्यांनी मान हलवली. मग ती आपणहून बोलली. शाळेत निबंधात ‘उचलून राहिली’ लिहिलं की गुरुजी त्याच्यावर लाल शाई ओढत. असं बोलतात, लिहीत नाहीत, असं म्हणत आणि शेजारी ‘उचलली’, ‘उचलला’ लिहून देत. "म्हनून तुमाले पाठवाच्या आधी मी सारं शुद्ध केलं, सर. एकही ‘राहिली’ ठेवली नाही. तरी काही राहून गेलं असन."

मधुकरराव जागीच थांबले. त्यांना एकदम पुष्कळ सांगायचं होतं. पण समोर माणूस उभा असला की त्यांचं वाक्य सुरू होण्याआधीच मागे वळून पाहू लागे. तेवढ्यात भूषणने हॉर्न वाजवला.

"मी कळवतो," ते म्हणाले.

"कळवा," ती म्हणाली. इतक्या सभ्यपणे म्हणाली की तिचा विश्वास नाही हे त्यांना कळलं.

टेम्पोत भूषण बाजाराबद्दल बोलत होता. एकोडीचा फाटा गेला, साकोली गेली, हे हूं हूं करत होते. त्यांच्या डोक्यात ते पाचवं प्रकरण, तो साग, तो दगड, सगळं उलटंपालटं होऊन नीट बसत होतं. दुसऱ्या प्रकरणात मालकांगणीने दगड उचललाच नव्हता. ती उचलून राहिली होती. साग उपटून राहिली होती. पुढचं खेळणाऱ्यांच्या मुठीत होतं. एका बाजारी करुणाने उचलला, दुसऱ्या बाजारी एका म्हाताऱ्याला जमला नाही. पोरीची नायिका कमीजास्त नव्हती. तिचं बळ एकच होतं, समोर आलेल्या ओझ्याखाली हात घालण्याचं, आणि तो एक अडसर सोडला तर ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत जरासुद्धा हललं नव्हतं. ते हललं ते लाल शाईने. घरच्या क्रियापदाच्या जागी पुस्तकी क्रियापद बसलं, आणि जिथे श्वास रोखायचा तिथे काम होऊन गेलं.

आणि ‘उचलत होती’ लिहिलं असतं तर? त्यांनी मनातल्या मनात म्हणून पाहिलं. नाही. ‘उचलत होती’ म्हणजे कधीकाळची, संपलेली. ‘उचलून राहिली’ म्हणजे आत्ता, तुमच्यासमोर, आणि निकाल बाकी. या खेळाला हवं होतं नेमकं ते रूप साऱ्या झाडीपट्टीच्या तोंडात होतं. त्यांच्या स्वतःच्या तोंडात होतं. जन्मभर ते बोलले, आणि छापलेलं कुठे दिसलं नाही म्हणून कधी पाहिलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी कानटोपीही न काढता कागद ओढला. सुमित्राबाई दारात येऊन पाहून गेल्या. मग चहा ठेवायला आल्या.

"काय जी, थ्या पोरीचं उत्तर अजून लिहूनच राहिले का?"

मधुकरराव मोठ्याने हसले. ते क्वचितच असे हसत. सुमित्राबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

उत्तर लांबलं. आधी त्यांनी लिहिलं की तब्येत चांगली होती, उशिराला तसं कारण नाही. मग लिहिलं, ‘माशांची सवय तडफडत होती’ हे वाक्य मी बायकोला वाचून दाखवलं, एवढ्यावरून काय ते समज. मग मुद्द्यावर आले. ‘तू शुद्ध केलंस ते सगळं परत अशुद्ध कर,’ असं लिहून त्यांनी ते खोडलं आणि लिहिलं, ‘जिथे चिंचोके टाकायचे तिथे तिथे तुझं “राहिली” परत आण. जे घडून चुकलं, तिथेच “उचलला”, “उपटला” राहू दे. मग वाचणाऱ्याला कळेल की कोणता दगड अजून हवेत आहे. हा फरक दाखवायला पुस्तकी मराठीत मला शब्द सापडला नाही. तुझ्याकडे तो आहे. नागपूरच्या मंडळींनी नाक मुरडलं तर त्यांना खेळायला बसव.’

इथे ते थांबले. एक गोष्ट उरली होती. ती लिहू नये असं त्यांना वाटत होतं. सगळं गोड लिहून पाकीट बंद करणं किती सोपं होतं. पण पोरीने गोड मागितलं नव्हतं.

‘एक सांगतो,’ त्यांनी लिहिलं. ‘बदकाचा पंख बसतो तिथे चिंचोके काळे पडले असणार, ते चालेल. पण कोठ्याचा अडसर ‘सरकेना’ एवढं लिहून तू मोकळी झालीस, तिथे चिंचोके टाकूच दिले नाहीत. तिथे मालकांगणी हरली नाही, तू तिला हरवलंस, कारण पुढच्या गोष्टीसाठी ती कोंडलेली हवी होती. ते मात्र खोटं वाटतं. तिला अडसराखाली हात घालू दे. सुटली तर सुटली. तू त्यातूनही वाट काढशील, कलाबाईंच्या मिठातून काढलीस तशी. मी खेळातला नवखा आहे, चूक असेन तर सोडून दे. पण संक्रांतीच्या आत पाठव. नक्की पाठव.’

सकाळी ते चालत पोस्टात गेले. बाहेरच्या लाल पेटीपाशी क्षणभर उभे राहिले, आणि मग आत काउंटरवर स्पीड पोस्टच्या रांगेत लागले, संक्रांत जवळ होती म्हणून. काउंटरवरच्या बाईने पाकीट तोललं, मोबाइल नंबर विचारला. तो त्यांना पत्रासारखाच पाठ होता.

"बंद करू? काही टाकाचं राहिलं नाही ना?" तिने विचारलं.

त्यांचा हात पाकिटाकडे गेला. अडसराचा तो परिच्छेद जरा सौम्य करता आला असता. मागच्या माणसाने खाकरून दाखवलं.

"नाही," मधुकरराव म्हणाले. "जाऊ द्या."

बाईने डिंक लावला, वर बारकोडची चिठ्ठी चिकटवली, शिक्का मारला आणि न पाहताच पाकीट मागच्या, साकोलीकडे जाणाऱ्या पोत्यात टाकलं.